राज्य बदलले, पेन्शन कुणी द्यायचे?

आयसीएस म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिस, ब्रिटिश राजवटीतली वरिष्ठ प्रशासकीय सेवा. तिच्या अधिकाऱ्याची नेमणूक लंडनमधले भारतमंत्री, म्हणजे भारताचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री, करत. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्याला वर्षाला हजार पौंड पेन्शन मिळे, मग तो कलेक्टर म्हणून घरी जावो की सचिव म्हणून. 15 ऑगस्ट 1947 ला भारतमंत्र्यांची सत्ताच संपणार होती. मग ही हमी पुढे कोण पाळणार?

हा घोर तसा जुना. 1919 च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी काही खाती हिंदी, म्हणजे भारतीय, मंत्र्यांकडे गेली, तेव्हाच गोऱ्या अधिकाऱ्यांत चुळबुळ सुरू झाली. जितकी नोकरी झाली तितके पेन्शन घेऊन लवकर निवृत्त होण्याची मुभा त्यांना मिळाली आणि पुष्कळांनी ती घेतली. 1922 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांनी या नोकरशाहीला ‘पोलादी चौकट’ म्हटले, ते याच मंडळींना धीर देण्यासाठी.

खरी घासाघीस 1946-47 मध्ये झाली. नोकरी अकाली संपली म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांना भरपाई हवी, हे ठीक. पण ती इंग्लंडने द्यावी, असे हंगामी सरकारचे म्हणणे होते. हिंदी अधिकाऱ्यांना भरपाई देण्यास गृहखाते सांभाळणाऱ्या सरदार पटेलांचा विरोध होता. हे अधिकारी तर स्वतःच्याच देशाची चाकरी पुढे चालवणार होते. मला हा मुद्दा बिनतोड वाटतो. 30 एप्रिल 1947 ला जाहीर झालेली योजनाही बरीचशी अशीच होती: भरपाई ब्रिटिश सरकार देणार, हिंदी अधिकाऱ्यांना ती अपवाद म्हणूनच, आणि कमावलेल्या पेन्शनचा भार भारताकडे. जे नोकरीत राहतील त्यांच्या पगार, रजा आणि पेन्शनच्या अटी स्वातंत्र्याच्या कायद्यानेच कायम ठेवल्या.

पौंडांतल्या पेन्शनांची सोय 1948 मध्ये झाली. युद्धकाळात भारताचे पौंड लंडनमध्ये साठले होते. त्यांतून 16 कोटी 80 लाख पौंड मोजून भारताने केंद्र आणि प्रांतांच्या पेन्शनांसाठी वर्षासने, म्हणजे दरवर्षी ठरलेली रक्कम मिळण्याची सोय, विकत घेतली. 1955 मध्ये ही पेन्शने देण्याची जबाबदारी ब्रिटनने स्वतःकडे घेतली. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, स्वतः जुने आयसीएस.

नोकरीत राहिलेल्यांची हमी राज्यघटनेत 314 व्या कलमाने आली. परक्यांची चाकरी केलेल्यांना घटनेचे कवच कशाला, असा सवाल घटना समितीत झाला, आणि तुरुंग भोगून आलेल्यांच्या तोंडी तो समजण्यासारखाही होता. ऑक्टोबर 1949 मध्ये पटेलांनी ठणकावले, की दिलेला शब्द मोडता येणार नाही. निर्भयपणे मत मांडणारी सेवा नसेल तर देश एकसंध राहणार नाही, हेही त्यांनी सांगितले. फाळणी, निर्वासित, संस्थानांचे विलीनीकरण या सगळ्यांत याच अधिकाऱ्यांनी कारभार कोसळू दिला नव्हता. त्यामुळे ती हमी मला मेहेरबानी वाटत नाही. तो झालेला सौदा होता.

1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे गेले. पुढच्याच वर्षी 28 व्या घटनादुरुस्तीने 314 वे कलम रद्द झाले. जुन्या आयसीएसचा पगार नव्या आयएएसच्या बरोबरीने असावा, हे समर्थन पटण्याजोगे होते. पण नव्या 312-अ कलमाने, आधीच निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनच्या अटीही पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्याचा अधिकार संसदेला मिळाला.