‘वाल काहाडून टाक’ : जुन्या गाडीच्या दुरुस्तीतला एक जुना सल्ला

अकोल्यापासून गोंदियापर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावी मे महिन्यात जुनी गाडी उकळी मारायला लागली की पहिला सल्ला ठरलेला : ‘वाल काहाडून टाक नं भाऊ, मंग नाही तपत.’ वाल म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरणारी झडप. दोन बोल्ट, एक पॅकिंग, पंधरा मिनिटांचं काम. त्यामुळे पाना हातात घेऊन स्वतःची गाडी स्वतः उघडणाऱ्याची सुरुवात बहुधा याच कामाने होते. सल्ला सरसकट खोटा नाही. तो एका काळच्या इंजिनासाठी आणि एका जातीच्या पाण्यासाठी बरोबर होता. इंजिन बदललं, सल्ला तोच राहिला.

मारुती येण्याआधी खेड्यातली गाडी म्हणजे जीप, ॲम्बेसेडर नाहीतर फियाट. ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा ब्लॉकही, म्हणजे धड, ओतीव लोखंडाचा आणि त्यावर बसणारं हेडही. पंखा पट्ट्यावर, पाण्याच्या पंपाबरोबर फिरणारा. इंजिन चालू तर पंखा चालू. इंजिन थंड चाललं तरी कार्बोरेटरला त्याचा पत्ता नसे. चोक थोडा जास्त वेळ ओढून ठेवायचा, डिसेंबरात जाळीपुढे पोतं लावायचं, झालं. तेव्हाचे बरेच थर्मोस्टॅट तापल्यावर फुगणाऱ्या पितळी भात्याचे असत. भाता फुटला की वाल बहुधा उघडाच राही आणि गाडी चालत राही. म्हणजे वाल असून नसल्यासारखा. कायमचा काढला तरी विदर्भाच्या हवेत वर्षातले नऊ-दहा महिने फरक कळत नसे. फियाटचं हेड मात्र तेव्हाही ॲल्युमिनियमचं होतं आणि ती तापली की लवकर रुसायची, पण गावागावात चालल्या त्या जीपा, फियाट नव्हे.

रेडिएटर साफ करायची रीतही लोखंडाला साजेशी होती. मूठ-दोन मूठ धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून आत ओतायचा, गाडी थोडी फिरवायची, खालचा कॉक उघडून लाल पाणी सोडून द्यायचं. लोखंडाला सोड्याने काही होत नाही. ॲल्युमिनियमला सोडा खातो. ही एवढी गोष्ट पुढच्या पिढीपर्यंत पोचली नाही, आणि आजही कुणीतरी सोडा सुचवतोच.

वालाचं नशीब खरं फिरवलं ते पाण्याने. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट. दर्यापूर, तेल्हारा, संग्रामपूरकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही; भांड्यावर बसणारा पांढरा थर तो रोज घासतो. पट्ट्याबाहेरही बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये गेलं. रोज थोडं उडायचं, रोज वरून थोडं टाकायचं. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. हा थर तीन ठिकाणी बसतो : रेडिएटरच्या बारीक नळ्यांत, ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत आणि वालाच्या सरकणाऱ्या दांडीवर. पुढे भात्याऐवजी मेणाच्या गोळीचे वाल आले. मेण तापून फुगतं, दांडी ढकलतं, वाल उघडतो. उलट दाबायला स्प्रिंग. दांडीवर क्षार बसले की वाल अर्ध्यावर अडकतो, आणि मेणाचा वाल बिघडला तर बंदही राहू शकतो. बंद वाल म्हणजे उभ्या उभ्या इंजिन गेलं. धारणीहून परतवाड्याला निघालेल्या गाडीचा वाल मधल्या जंगलात बंद पडू नये म्हणून मिस्त्री तो आधीच काढून ठेवत असेल, तर त्याला अडाणी म्हणायचं कारण नाही. मात्र दोष पाण्याचा आणि शिक्षा वालाला, असा हा न्याय होता.

इथे शब्दाचाही घोळ आहे आणि त्याने बरीच गंमत होते. आपल्याकडे ‘वाल’ हा एकच शब्द चार वस्तूंना चालतो : हेडमधले इनलेट-एक्झॉस्टचे वाल, ट्यूबचा वाल, रेडिएटरच्या झाकणातला छोटा वाल आणि हा थर्मोस्टॅट. ‘वाल खराब आहे’ एवढं ऐकून एक जण हेड उघडायच्या तयारीला लागतो, दुसरा झाकण बदलतो. कुणी त्याला ‘थर्मल वाल’ म्हणतं, ते त्यातल्या त्यात बरं. ‘काढला’ या शब्दाचेही दोन अर्थ आहेत. काही मिस्त्री पूर्ण वाल काढून घर रिकामं ठेवतात. जुने मिस्त्री मधलं मेणाचं पोट कापून बाहेरची कडी तेवढी परत बसवतात. त्यामागचं कारण असं सांगतात, की कडी नसली तर पाणी इतक्या जोरात पळतं की रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला वेळच मिळत नाही. कृती शहाणपणाची, कारण चुकीचं. तेच पाणी फिरून फिरून येतं, तेव्हा जोरात पळण्याने थंडावा कमी होत नाही. कडीमुळे वाट अरुंद राहते, ब्लॉकमध्ये पंपाचा दाब टिकतो आणि हेडभोवतीच्या तापलेल्या कोपऱ्यांत वाफेचे फुगे धरत नाहीत. फायदा तो आहे.

या वादातला खरा पेच काळी-पिवळीत, म्हणजे गावोगावच्या प्रवासी टॅक्सीत होता. १९८० च्या दशकाअखेर आलेल्या टेम्पो ट्रॅक्स या जीपसारख्या गाडीने पुढे वऱ्हाडातली प्रवासी वाहतूक अंगावर घेतली. तिचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून आलेलं. त्याच्या थर्मोस्टॅटला एक नव्हे, दोन चकत्या असतात. इंजिन थंड असताना वरची चकती रेडिएटरची वाट अडवते आणि पाणी बायपासमधून सरळ पंपाकडे परत फिरतं. इंजिन तापलं की वरची चकती उघडते आणि त्याच वेळी खालची चकती बायपासचं तोंड बुजवते. हा वाल काढला की बायपास कायमचा उघडा. मग तापलेल्या पाण्यातला मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता आतल्या आत गोल फिरतो. सपाट रस्त्यावर कळत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, पंधरा माणसं आणि टपावर पोती असताना, काटा लालमध्ये जातो. मिस्त्री म्हणतो, ‘वाल काढला तरी तपते, म्हणजे रेडिएटरच बाद.’ प्रत्यक्षात ती तापते वाल काढल्यामुळेच. ज्या थोड्या मिस्त्र्यांनी वालाबरोबर बायपासही बुजवला, त्यांच्या गाड्या घाटात टिकल्या. बाकीच्यांना लोखंडी हेडने सांभाळून घेतलं, आणि त्या सांभाळून घेण्यामुळेच सल्ल्याची चूक वीस वर्षं उघडी पडली नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढच्या वर्षी तेच ७९६ सीसी तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी. खेड्यात त्या पहिल्या हाताने फारशा आल्या नाहीत. डॉक्टरांच्या, मास्तरांच्या, व्यापाऱ्यांच्या झाल्या आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या हाताने शेतकऱ्याच्या अंगणात लागल्या. तेव्हा वालाचा सल्ला पहिल्यांदा ॲल्युमिनियमच्या हेडला आणि विजेच्या पंख्याला भेटला. ॲल्युमिनियम एकदा जास्त तापलं की वाकतं. सरळ धारेची पट्टी हेडवर उभी, आडवी, तिरपी ठेवून फिलर गेजची फट मोजणारी पाती घालून बघितलं आणि ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त फट निघाली, तर हेड लेथवर फेस केल्याशिवाय हेडखालची पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, नवी घातली तरी टिकत नाही.

म्हणूनच या गाड्यांत वालाकडे वळण्याआधी बाकीचं बघायचं असतं. आधी जाळी : कापसाचा रुवा, गवताचं बी, पाखरं. पाणी इंजिनकडून बाहेर मारायचं, बाहेरून आत नव्हे. एसी असेल तर कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या सापटीत बसतो, बाहेरून जाळी चकचकीत दिसते. मग पंखा : पाणी तापल्यावर तो चालू करणाऱ्या थर्मोस्विचचं सॉकेट काढून दोन वायरी जोडायच्या, एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवायची. पंखा फिरला तर स्विच गेला. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर. त्यानंतर रेडिएटरचं झाकण. त्यावर ०.९ असा आकडा असतो, तेवढ्या दाबाला साधं पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की तेच पाणी १०० ला उकळतं, आणि लोक वाल काढतात.

वाल तपासायला इंजिन खोलावं लागत नाही. सकाळी थंड गाडी चालू करून वरच्या होज पाइपवर हात ठेवायचा. पाच-सात मिनिटं पाइप जवळजवळ थंड राहून मग एकदम गरम झाला तर वाल ठीक. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर वाल उघडा अडकला आहे किंवा आधीच्या मालकाने काढलेला आहे. काटा वर आणि पाइप थंड, तर वाल बंद आहे, नाहीतर आत पाणीच नाही. दोन्ही वेळा गाडी लगेच बंद. काढलेला वाल घरीच तपासता येतो. वालाच्या फटीत दोऱ्याचं टोक अडकवून तो चहाच्या गंजात (पातेल्यात), तळाला न टेकवता, पाण्यात लटकवायचा आणि खाली गॅस लावायचा. अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या तापमानाला फट उघडून दोरा सुटतो आणि वाल खाली पडतो. उकळी येईपर्यंत चकती सुमारे ८ मि.मी. उचलली गेली पाहिजे. गंज नंतर चहाला वापरू नये, हे घरचे सांगतीलच.

२००० च्या आसपास प्रदूषणाच्या नियमांमुळे कार्बोरेटर गेला, एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली आणि वाल काढणं निव्वळ तोट्याचं झालं. आता इंजिनाचं तापमान संगणक वाचतो आणि त्यावर पेट्रोल ठरवतो. पाणी ६० अंशांवरच घुटमळलं तर त्याच्या दृष्टीने गाडी अजून गरम झालेलीच नाही. तो पेट्रोल जास्त देत राहतो. प्लग काळे, ॲव्हरेज पडलेला, धुरांड्यात काजळी. मग लोक इंजेक्टर साफ करून घेतात, प्लग बदलतात, सेन्सर बदलतात. पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर आळ घेण्याआधी मल्टिमीटर लावावा : २० अंशांना साधारण अडीच किलो-ओहम, ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. गॅस किट असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट होते. गॅसचा दाब उतरवणाऱ्या रेड्युसरला गरम पाणी लागतं. वाल नसेल तर थंडीच्या सकाळी त्याच्यावर दहिवर जमतं आणि गाडी झटके देते.

सगळ्यात महागात पडणारी फसगत ऑइलच्या झाकणाखाली असते. इंजिन सदा थंड चाललं की आतली वाफ उडत नाही, झाकणाच्या आत पिवळसर मलई धरते. ती पाहून ‘हेड गॅस्केट गेली’ असं ठरतं आणि चांगलं हेड उतरवलं जातं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघावी. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि मलई फक्त झाकणाला असेल, तर आधी वाल बसवून आठवडाभर लांबचे फेरे मारावेत. ऑइलच ताकाळलेलं असेल, थंड गाडीच्या रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केल्यावर त्यातून सतत बुडबुडे येत असतील किंवा थंड गाडी चालू करताच होज पाइप दगडासारखा कडक होत असेल, तेव्हाच हेड उतरवायचं.

पाण्याचा प्रश्न अलीकडे बराच सोपा झाला आहे. गावोगावी आरओचं पाणी मिळतं, पंपावर बॅटरीच्या पाण्याचे कॅन मिळतात. बॅटरीचं पाणी उत्तम, आरओचं चालेल, बोअरचं नाही. आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून घट्ट कूलंट एक भाग आणि पाणी दोन भाग पुरे. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात पाणी घालायचंच नाही. जुना थर काढायला सोडा नव्हे, लिंबूसत : लिटरला २५ ग्रॅम, अर्धा तास चालवून सोडून द्यायचं आणि दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवायचं. पितळी रेडिएटर उघडून नळ्यांत सळई घालून साफ करणारे कारागीर तालुक्याला अजून सापडतात. प्लॅस्टिक टाकीचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर असा उघडत नाही, तो बदलायचाच. गळतीला हळद टाकायची ट्रकवाल्यांची युक्ती त्यात तर मुळीच नको. हळद छिद्राआधी नळ्या बुजवते.

यानंतरची भर संगणकाची आहे. २०१३ नंतरच्या गाडीला ब्लूटूथचं छोटं यंत्र लावून मोबाइलवर कोड वाचता येतो, आणि पी ०१२८ हा कोड दिसला तर अर्थ एवढाच, की पाणी ठरलेल्या वेळेत तापत नाही. बहुतेक वेळा वाल एकतर उघडा अडकलेला असतो, नाहीतर जागेवर नसतोच.

नवा वाल बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे आणि कडेवरचं बारीक छिद्र वर. छिद्र नसेल तर ३ मि.मी.चं एक पाडून घ्यावं, नाहीतर वालाखाली हवा अडकते आणि नवा वालही उघडत नाही. जुनी पॅकिंग पूर्ण खरवडायची, बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळायचे. एकच पिळला तर ॲल्युमिनियमचं टोपण तडकतं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, हीटर असेल तर गरमवर करून, बुडबुडे थांबेपर्यंत गाडी जागेवरच चालू ठेवायची आणि पाणी भरत राहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा उतरलेली असते. ती गळती नसते, राहिलेली हवा निघालेली असते.