बेडकाला हात लावल्याने चामखीळ होत नाही

पावसाळा लागला की नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंत मुलांना दटावलं जातं, ‘बेडकाला शिवू नकोस, चामखीळ येईल.’ या भीतीपायी पाळलेला बेडूक सुस्त पडला, खाईनासा झाला, तरी कुणी जवळ जात नाही. फार वाईट वाटतं. चामखीळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे येते आणि तो माणसाकडून माणसाला लागतो. बेडकाच्या पाठीवरचे उंचवटे म्हणजे नुसत्या ग्रंथी.

खरा धोका बेडकालाच आहे. तो कातडीतून पाणी शोषतो, काही अंशी श्वासही घेतो. त्यामुळे आपल्या हातावरचा साबण, सॅनिटायझर, क्रीम सरळ त्याच्या अंगात भिनतं. हळदीचा लेप किंवा मिठाचं पाणी तर आपल्या मनाने अजिबात करू नका! नळाचं क्लोरीनयुक्त पाणीही नको; क्लोरीन काढणारे थेंब मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. उचलायचाच असेल तर हात क्लोरीन काढलेल्या साध्या पाण्याने खळखळून धुवा आणि ओलेच ठेवा. नंतर मात्र साबण हवाच, कारण बेडकाकडून साल्मोनेला जिवाणू येऊ शकतात.

हवेशीर डब्यात ओलं फडकं घालून त्याला पशुवैद्यांकडे न्या. सगळेच पशुवैद्य बेडूक तपासत नाहीत, आधी फोन करा.