दातात भरलेलं टिकतं कशामुळे?

दाढेतलं फिलिंग निघून आलं की सिमेंट कच्चं होतं, असं आपण चटकन म्हणून टाकतो. दाताच्या रंगाच्या फिलिंगला हा दोष सहसा लागू पडत नाही. कंपोझिट नावाचा हा पदार्थ चांगला टणक असतो. सुटतो तो बहुधा दात आणि कंपोझिट यांच्यातला सांधा. हा सांधा कसा जमतो ते समजलं, तर डॉक्टर खुर्चीत एवढा वेळ का बसवून ठेवतात, पुन्हा पुन्हा दात का सुकवतात, जीभ लावू नका असं का बजावतात, ते आपोआप उलगडतं.

जुनं चांदीचं फिलिंग दाताला चिकटत नसे. त्यात साधारण निम्मा पारा आणि उरलेली चांदी, कथील, तांबं यांची पूड असते. ते घट्ट बसावं म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद कोरावा लागे, म्हणजे किडलेल्याबरोबर थोडा धडधाकट दातही जाई. एकदा कोरलेला दात परत वाढत नाही, त्यामुळे हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

यातून वाट काढली अमेरिकेतल्या रोचेस्टरचे मायकेल ब्यूनोकोर यांनी. रंग पक्का धरावा म्हणून कारखान्यांत धातूवर आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना माहीत होतं. तेच त्यांनी दातावर करून पाहिलं आणि 1955 मध्ये प्रसिद्ध केलं. दाताचं वरचं कवच, इनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं. आम्ल लागलं की ते सगळीकडे सारखं विरघळत नाही; पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य खाचखळगे पडतात. वर लावलेली पातळ राळ (रेझिन) त्यांत शिरते, तिथेच घट्ट होते आणि मग ओढूनही सुटत नाही. गंमत अशी, की कीडही आम्लानेच लागते. साखर खाऊन तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं. जे आम्ल महिनोन्‌महिने दात पोखरतं, तसंच आम्ल 15 ते 30 सेकंद मोजून लावलं की दात जोडायला कामी येतं. धुऊन सुकवल्यावर ती जागा खडूसारखी निस्तेज पांढरी दिसते.

चिकटवायची युक्ती सापडली, पण भरायला नीट पदार्थ नव्हता. त्या काळातलं ॲक्रिलिक आकसायचं आणि झिजायचं. अमेरिकेतले संशोधक राफेल बोवेन यांनी नव्या प्रकारच्या राळेत काचेसारख्या सिलिकाची पूड मिसळली, आणि पूड राळेला धरून राहावी म्हणून तिच्या कणांवर सिलेन या दोन्हींना जोडणाऱ्या रसायनाचा लेप दिला. 1962 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आजचं कंपोझिट त्याच घराण्यातलं आहे.

खरी कसोटी मात्र इनॅमलच्या आत लागते. तिथला डेंटिन हा थर जिवंत आणि ओलसर असतो. त्यात वजनाने सुमारे 70 टक्के खनिज, बाकी कोलॅजन या प्रथिनाचे तंतू आणि पाणी. शिवाय एकेका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या, त्यांतून पाझरणारा द्रव. आम्लाने खनिज निघालं की कोलॅजनची जाळी उघडी पडते. ती फार सुकवली तर कोलमडते आणि राळेला आत शिरता येत नाही. फार ओली ठेवली तर राळ पातळ होते. राळ नीट शिरली तर दोन्हींचा मिळून एक मिश्र थर होतो, धड दात नाही आणि धड राळही नाही. जपानचे नोबुओ नाकाबायाशी यांनी 1982 मध्ये तो दाखवून दिला. काही मायक्रोमीटर जाडीच्या या थरावर सगळं फिलिंग उभं असतं.

म्हणून तर लाळेची एवढी धास्ती. तयार केलेल्या पृष्ठभागाला लाळ लागली की तिच्यातली प्रथिनं खाचांवर बसतात आणि ती पायरी पुन्हा करावी लागते. दाताभोवती ताणून बसवतात तो रबराचा पडदा, रबर डॅम, 1864 पासून वापरात आहे. तोंड अवघडतं हे खरं, तरी डॉक्टर तो लावू लागले तर नको म्हणू नका.

मग येतो निळा दिवा. तो फिलिंग सुकवत नाही. कंपोझिटमधलं कॅम्फरक्विनोन हे रसायन सुमारे 470 नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषतं आणि राळेचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊ लागतात. हे अतिनील किरण नव्हेत. तसे दिवे सुरुवातीच्या काळात होते, ते मागे पडले. प्रकाश खोल पोचत नाही म्हणून नेहमीचं कंपोझिट साधारण 2 मिलिमीटरच्या थरांनी भरतात. दुसरं कारण आकसण्याचं. घट्ट होताना ते आकारमानात 2 ते 3 टक्के आकसतं आणि कोवळ्या सांध्याला ओढ बसते. सांधा कुठे उघडला तर दात शिवशिवतो आणि त्या फटीतून नवी कीड शिरते.

सांध्याच्या या भरवशावर आता कीड काढण्याची पद्धतही बदलली आहे. खड्ड्याच्या कडा पूर्ण स्वच्छ करतात, पण तळ नसेच्या फार जवळ असेल तर तिथला थोडा मऊ भाग मुद्दाम राहू देतात. वरून घट्ट बंद झाल्यावर आतल्या जिवाणूंना साखर मिळत नाही आणि नस उघडी पडण्याचा धोका टळतो.

जिथे कोरडेपणा राखताच येत नाही, म्हणजे हिरडीलगत किंवा लहान मुलांच्या दुधाच्या दातांत, तिथे ग्लास आयोनोमर नावाचं दुसरं फिलिंग बरं. तेही दाताच्या रंगाचं, दातातल्या कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध जोडणारं आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडणारं. चावण्याचा जोर मात्र कमी सोसतं. दाढेचा बराच भाग तुटला असेल तर कॅप लागते. कीड नसेपर्यंत गेली असेल तर आधी रूट कॅनाल.

रंग सुरुवातीलाच जुळवून घ्या, कारण सुकलेला दात काही काळ जास्त पांढरा दिसतो. काम संपल्यावर फिलिंग कुठे उंच राहिलं ते कळावं म्हणून रंगीत कागद चावायला देतात, तेव्हा भूल पुरती उतरलेली नसते आणि जबडा नेहमीसारखा मिटत नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना तोच दात आधी टेकतोय असं वाटलं, तर होईल सवय म्हणून थांबू नका, परत जा. उंच राहिलेला एवढासा कण दोन मिनिटांत घासून निघतो.