मेक की डू? दोन्ही ‘करणे’च, पण अदलाबदल चालत नाही

‘मेक म्हणजे बनवणे, डू म्हणजे करणे’ असं शिकवणं आता खरंच थांबायला हवं. केक किंवा खुर्चीपुरतं ते ठीक आहे, पण तिथे चुकतं कोण? घसरतात ते चूक, तक्रार, फोन, प्रयत्न अशा शब्दांवर. मराठीत यातलं काहीच आपण ‘बनवत’ नाही, सगळं ‘करतो’. म्हणून ‘आय डिड अ मिस्टेक’ सहज तोंडून निघतं. हवं असतं ‘आय मेड अ मिस्टेक’.

स्वतःला एवढंच विचारा: मी सुरुवात करण्याआधी ती गोष्ट होती का? गृहपाठ आधीच दिलेला असतो, खरकटी भांडी पडलेली असतात, मळके कपडे साठलेले असतात. आपण ते काम फक्त उरकतो. म्हणून ‘डू होमवर्क’, ‘डू द डिशेस’, ‘डू द लाँड्री’. तक्रार मात्र आपण तोंड उघडेपर्यंत नसते. वचन दिल्यावरच वचन होतं, निर्णयही घेतल्यावरच. म्हणून ‘मेक अ कम्प्लेंट’, ‘मेक अ प्रॉमिस’, ‘मेक अ डिसिजन’, तसंच ‘मेक अ सजेशन’, ‘मेक अ फोन कॉल’, ‘मेक ॲन एफर्ट’. मनातून किंवा तोंडातून निघणारी बहुतेक नामं मेककडे जातात. (‘टेक अ डिसिजन’ चूक नाही; ब्रिटिश इंग्रजीत तेही चालतं.)

स्वयंपाकाचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. काम तेच, पण तयार होणाऱ्या जेवणाचं नाव घेतलं तर ‘मेक डिनर’, कामाचं घेतलं तर ‘डू द कुकिंग’. ‘द’ लावून येणारी ‘क्लीनिंग’, ‘शॉपिंग’, ‘आयर्निंग’ अशी घरकामाची नामं डूचीच.

या कसोटीत न बसणारे काही आहेत, ते सरळ पाठ करा: ‘डू समवन अ फेव्हर’, ‘डू डॅमेज’, ‘डू हार्म’, आणि उलट बाजूने ‘मेक द बेड’. पलंग आधीच असतो, तरीही मेक.

‘अ’ कुठेही चिकटवू नका. ‘होमवर्क’ आणि ‘प्रोग्रेस’ मोजता येत नाहीत, त्यामुळे ‘डू अ होमवर्क’ नाही आणि ‘मेक अ प्रोग्रेस’ही नाही. ‘होमवर्क्स’ तर नकोच नको.

काही ठिकाणी मात्र दोन्ही क्रियापदं बाजूला ठेवावी लागतात. मदत करणे म्हणजे नुसतं ‘हेल्प’, चर्चा करणे म्हणजे ‘डिस्कस’, अभ्यास करणे म्हणजे ‘स्टडी’. ‘डू हेल्प’, ‘डू डिस्कशन’ ही मराठी ‘करणे’ची सावली आहे. पार्टी करायची असेल तर ‘हॅव अ पार्टी’.

याद्या करायच्याच असतील, तर मेक आणि डूच्या करू नका, नामाच्या करा. शब्दकोशातही ‘मेक’ उघडलंत तर अर्थांच्या पानभर गर्दीत हरवाल. ‘मिस्टेक’ उघडा. चांगल्या शब्दकोशात तिथल्या उदाहरणांतच त्याचं क्रियापद सापडतं.