सरोगसीतलं मूल आणि फारकत: पालकत्वाचा हुकूम वेगळा, ताब्याचा वेगळा

सरोगसीतून, म्हणजे दुसऱ्या स्त्रीने (सरोगेटने) गर्भ वाढवून, मूल झालेलं जोडपं वेगळं व्हायला निघालं की एक कागद हमखास पुढे येतो. मुलाच्या जन्माआधी न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला हुकूम. त्यात ‘पालकत्व’ आणि ‘ताबा’ दोन्ही शब्द असतात. मग ज्याच्या कपाटात तो कागद, तो म्हणतो, ‘ताबा तर कोर्टाने मला कधीच दिलाय.’

तसं नाही. सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ च्या कलम ४ प्रमाणे हा हुकूम इच्छुक दांपत्य आणि सरोगेट यांच्या अर्जावर होतो आणि जन्मानंतर तोच जन्माचं प्रतिज्ञापत्र ठरतो. त्यातला ताबा म्हणजे सरोगेटकडून दांपत्याकडे आलेला ताबा. हुकूम झाला तेव्हा नवरा-बायको एकाच बाजूला उभे होते. दोघांपैकी मूल कुणाजवळ राहील, हा प्रश्नच तिथे नव्हता.

पालकत्व मात्र पक्कं आहे. कलम ८ नुसार मूल दांपत्याचं जैविक मूलच मानलं जातं, वारसाहक्कासकट. स्त्रीबीज दात्याचं असलं तरी फरक पडत नाही. त्यामुळे ‘बीज तुझं नव्हतं, तू कसली आई’ हा भांडणातला वार कोर्टात टिकत नाही. कायदा २५ जानेवारी २०२२ ला लागू झाला. त्याआधीच्या करारांना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २००५ ची मार्गदर्शक तत्त्वं लागतात, पण निष्कर्ष तोच. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रीबीज देणाऱ्या मेहुणीला (बायकोच्या बहिणीला) आईपणाचा हक्क नाही, असं सांगितलं आणि खालच्या कोर्टाने नाकारलेली जुळ्या मुलींची भेट त्यांच्या आईला मिळवून दिली. असा निकाल मागायला एका आईला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं, हे वाईटच.

ताबा हा वेगळा अर्ज. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २६. नसेल तर पालक व पाल्य कायदा, १८९०, आणि तो अर्ज मूल नेहमी राहतं तिथल्या कोर्टात. मूल कोल्हापूरच्या राजारामपुरीत आजीकडे वाढतंय आणि मे महिन्यात चार आठवडे पुण्याला नेलं, एवढ्याने कोर्ट बदलत नाही. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे. शेवटी पाहिलं जातं ते मुलाचं हित.

अर्जासोबत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाची सहीशिक्क्याची नक्कल आणि जन्मदाखला लावा. दाखल्यात आईचं नाव चुकलं असेल तर दुरुस्ती आधी करून घ्या, आणि ती प्रसूती झाली तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे. बाळंतपण पुण्यात झालं असेल तर कोल्हापूर महापालिकेत हेलपाटे घालून काही होणार नाही.

सगळ्यात जास्त गोची होते भेटीच्या अटींत. ‘वडिलांना सोयीनुसार भेटता येईल’ एवढंच लिहिलं की पहिल्याच सणाला भांडण. त्याऐवजी असं लिहा: दर रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६, मूल रंकाळ्याच्या पदपथ उद्यानाच्या दारात सोडायचं आणि तिथूनच घ्यायचं, आणायला कोण येणार त्याचं नाव, बुधवारी रात्री ८ ला व्हिडिओ कॉल, दसरा एका वर्षी आईकडे, पुढच्या वर्षी वडिलांकडे, दिवाळी आणि मेची सुट्टी अर्धी-अर्धी, आजारपणात बुडालेली भेट पुढच्या शनिवारी.

नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर ‘मुलावरचे सर्व हक्क सोडले’ असं लिहून पालकत्व सुटत नाही आणि मुलाची पोटगीही बुडत नाही. मूल जन्मण्याआधीच जोडपं तुटलं तरी कलम ७ प्रमाणे मुलाला टाकून देता येत नाही.

ताब्याचा हुकूम परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो, पालकत्वाचा नाही. भेट अडवली जात असेल तर पोलीस ठाण्यात बसून राहण्यापेक्षा त्याच कोर्टात अंमलबजावणीचा अर्ज द्या. कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम हुकुमावरचं अपील १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरमधल्याच सर्किट बेंचपुढे चालतं. मुंबईला जावं लागत नाही.