नाशवंत व टिकाऊ माल

नेहमीच्या हवामानात, प्रक्रिया न करता, काही तासांत ते काही आठवड्यांत जो विक्रीयोग्य राहत नाही तो नाशवंत माल. महिनोन्‌महिने ठेवूनही ज्याचा कस फारसा उतरत नाही तो टिकाऊ. दूध, पालेभाजी, मासे, फुले पहिल्या वर्गात येतात. धान्य, डाळी, कापड, धातू दुसऱ्या. मालातले किती पाणी जंतू-बुरशीला वापरता येते, यावर खाद्यपदार्थाचा वर्ग मुख्यतः ठरतो. म्हणून एकच जिन्नस रूप पालटून वर्ग पालटतो. सोलापुरात ताजी भाकरी दुसऱ्या दिवशी शिळी होते, पण पातळ थापून पूर्ण वाळवलेली कडक भाकरी महिनाभर सहज टिकते. पंढरपूर भागातली द्राक्षे बेदाणा होऊन बाजारात येतात. शेंगाचटणी मधल्या जागी आहे: ओल नसल्याने ती बुरसत नाही, मात्र दाण्यातल्या तेलामुळे कालांतराने खवट होते.

टिकाऊ मालही जपावा लागतोच, आणि त्याचा सोलापूर जिल्ह्यातला ठळक दाखला म्हणजे मंगळवेढ्याकडचे ज्वारीचे पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. काळ्या जमिनीत ओल धरते व उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यामुळे पेव गावठाणाच्या पांढरीत, म्हणजे वस्तीखालच्या पांढऱ्या मातीत, किंवा मुरमात खणत. तळाला व कडांना कडबा-भुसा लावून वाळलेली ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत दाणे व किडे यांच्या श्वसनाने प्राणवायू घटतो, कर्बवायू वाढतो आणि कीड गुदमरून मरते. याच कारणाने नुकत्याच उघडलेल्या पेवात लगेच उतरणे जिवावर बेतते. ते आधी वाऱ्यावर मोकळे ठेवतात. कडेचे दाणे ओलीने खराब होतात, उरलेल्या ज्वारीला विशिष्ट वास येतो; बियाण्यासाठी ती चालत नाही.

पेवांचा संबंध अनेकदा मंगळवेढ्याच्या संत दामाजीपंतांशी जोडला जातो. त्यांनी दुष्काळात बहामनी राजवटीचे धान्य लोकांना वाटले, ही कथा सर्वपरिचित आहे. तो दुष्काळ काही जण 1460 च्या सुमाराचा मानतात, काही जण 1468–75 चा. 1396–1407 असा काळ सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ लोककथेत त्यात मिसळलेला दिसतो. दोन्ही वेगळे धरणे अधिक सयुक्तिक. कथेत धान्याची कोठारे आहेत. ती पेवेच होती असे त्यावरून ठरत नाही.

डाळिंब फळांमध्ये तुलनेने चिवट. थंड साठवणीत ते दोन-तीन महिने राहते. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. अखाद्य मालात सिमेंट फसवे: कुजत नाही, पण हवेतली ओल धरून गोळे होते आणि ताकद गमावते.

कायद्याला हा भेद भावापुरता नव्हे, हक्कांसाठीही लागतो. 1930 च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम 54 नुसार, पैसे न मिळालेला आणि माल ताब्यात असलेला विक्रेता नाशवंत माल खरेदीदाराला नोटीस न देता पुन्हा विकू शकतो. इतर मालाला नोटीस व वाजवी मुदत लागते. सोलापूर बाजार समितीत मोठ्या प्रमाणावर येणारा खरीप लाल कांदा थोड्याच आठवड्यांचा, तर रब्बी कांदा हवेशीर कांदाचाळीत चार-सहा महिने राहतो. 2020 च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याच्या दुरुस्तीत, सरकारला साठ्यावर मर्यादा घालायची तर फळे-भाजीपाल्याला 100 टक्के, टिकाऊ शेतमालाला 50 टक्के किरकोळ दरवाढीची अट होती. तिथे दोन्ही कांदे एकाच रांगेत बसले. ती दुरुस्ती 2021 मध्ये रद्द झाली.