दुसऱ्यांदा रेडिएशन, मूठभर पेशंट आणि एआय

सुरगाणा-पेठहून नाशिकला आलेल्या कॅन्सर पेशंटच्या पिशवीतून जुनं डिस्चार्ज कार्ड निघतं: '६० ग्रे, ३० फ्रॅक्शन', म्हणजे ६० ग्रे (डोसाचं माप) ३० वेळांत विभागून दिले. कोणत्या अवयवाला किती डोस पोचला, हे सांगणारा प्लॅन मात्र पहिल्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्येच राहिलेला असतो.

त्याच जागी पुन्हा शेक (रेडिएशन) द्यायला डॉक्टर बराच काळ कचरत. मज्जारज्जूला इजा झाली तर माणूस कायमचा अधू होतो. २००१ मध्ये ५६ माकडांवरच्या प्रयोगातून दिसलं, की पहिल्या डोसची छुपी इजा एक ते तीन वर्षांत बरीच भरून येते. २००५ मध्ये माणसांसाठी एकत्रित डोसची मर्यादा सुचवली गेली, ती अवघ्या ४० पेशंटच्या नोंदींवरून. आज एआयलाही इथे शिकायला मूठभर पेशंटच मिळतात; म्हणजे थोड्या माहितीवर काम करणं इथे एआयच्या आधीपासूनच आहे.

खरा गुंता शब्दाचा. 'पुन्हा रेडिएशन' कशाला म्हणायचं? दोन्ही वेळी रेडिएशन दिलेले भाग एकमेकांवर आले तर, हे उघड आहे. भाग वेगळे, पण एकत्रित डोसामुळे अवयवाला धोका, तर? आणि अवयव तोच, पण भागही वेगळे नि धोकाही नाही, तर? २०२२ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी पहिल्या दोहोंना पुन्हा रेडिएशन मानलं, तिसरा गट बाजूला काढला. माझ्या मते हा निर्णय कुठल्याही एआय मॉडेलपेक्षा मोलाचा आहे. तिसरा गट मिसळला की पेशंटचा आकडा फुगतो आणि उपचार आहेत त्यापेक्षा सुरक्षित दिसतात.

डोसाची नुसती बेरीजही फसवते. ४ ग्रे पाच वेळा म्हणजे कागदावर २० ग्रे. मज्जारज्जूसाठी अल्फा-बीटा (एका वेळच्या मोठ्या डोसाला अवयव किती संवेदनशील, हे सांगणारा आकडा) २ धरला तर रोज २ ग्रेच्या हिशेबात ते ३० ग्रे होतात.

२०१५ मध्ये यू-नेट हे चित्रातले भाग वेगळे करणारं एआय मॉडेल ३० सूक्ष्मदर्शक चित्रांवर शिकलं, तेव्हा थोडा डेटा पुरतो अशी आशा वाढली. पण तिथे काम रेषा आखण्याचं होतं, आणि एकेका चित्रात अडीच लाखांवर पिक्सेल होते. दुष्परिणामाचा अंदाज बांधताना एका पेशंटमागे उत्तर एकच मिळतं: झाला किंवा नाही. त्यात एकाच पेशंटचे स्कॅन शिकवायला आणि तपासायलाही वापरले, तर निकाल खोटाच चांगला येतो.

फेडरेटेड लर्निंग या एआय शिकवण्याच्या पद्धतीत पेशंटचा डेटा हॉस्पिटलातच राहतो, मॉडेल फिरतं. नाशिकसारख्या शहरातल्या केंद्रांना ही वाट सोयीची आहे. त्यासाठी सगळीकडची नोंद एकाच व्याख्येने हवी, आणि डिस्चार्ज कार्डासोबत प्लॅनची डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या ठरावीक स्वरूपातली) फाइल पेशंटच्या हातात पडायला हवी.